जनावर वाचतं, पण शेतकरी बुडतो! लम्पी, बर्ड फ्लू आणि गोठ्यातला न दिसणारा तोटा

माजिवडा नाका म्हटलं की ठाणेकरांना आधी ट्रॅफिक आठवतं. नाशिककडून येणारा हायवे, मुंबईकडे जाणारा ईस्टर्न एक्स्प्रेस आणि घोडबंदर रोड, तिघेही इथेच एकमेकांच्या गळ्यात पडतात. पण पहाटे इथे थांबलात तर अजून काही दिसतं. नगर-नाशिककडून येणारे दुधाचे टँकर आणि कोंबड्या भरलेल्या जाळीच्या गाड्या. मुंबई-ठाण्याचा सकाळचा चहा आणि रविवारचं चिकन यातलं बरंच काही या रस्त्याने आत येतं.

आता या गाड्या जिथून निघतात त्या गोठ्यात किंवा शेडमध्ये आजार शिरला तर काय होतं?

शहरात बसलेल्या माणसाला दोनच गोष्टी कळतात. एकतर दूध दोन रुपयांनी महागतं, नाहीतर चिकन अचानक स्वस्त होतं. बातमीतही 'इतकी जनावरं दगावली' एवढा आकडा येतो. पण शेतकऱ्याचा मोठा तोटा अनेकदा त्या आकड्यात नसतोच. तो असतो जगलेल्या जनावरात. हे कसं, तेच समजून घेऊ.

वेहळोलीत काय झालं होतं?

फेब्रुवारी २०२२. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वेहळोली नावाचं गाव आहे. माजिवड्यावरून नाशिक हायवे धरला की तास-दीड तासाच्या अंतरावर. इथल्या एका पोल्ट्रीत साधारण शंभर कोंबड्या पटापट मेल्या. नमुने तपासले, तर निघाला बर्ड फ्लू, एच५एन१.

मग जे होतं ते ठरलेलं असतं. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या, मग त्या आजारी असोत वा ठणठणीत. इथेही सुमारे २५ हजार कोंबड्या मारण्याचे आदेश निघाले. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत पाळत. या पट्ट्यात कोंबड्यांची ने-आण आणि विक्री यांवर निर्बंध.

म्हणजे मेल्या शंभर आणि गेल्या २५ हजार.

भरपाई मिळते का? मिळते. केंद्र आणि राज्य सरकार ती निम्मी निम्मी उचलतात. २०२१ च्या साथीत महाराष्ट्रात दर ठरले होते ते असे: आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७० रुपये, अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२ रुपये. पिल्लू असेल तर २० रुपये.

यात एक मेख आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबड्यांची. पथक पोचण्याआधीच ज्या कोंबड्या आजाराने मेल्या, त्या शेतकऱ्याच्या खात्यात. त्यामुळे कळवायला दोन दिवस उशीर झाला, किंवा रिपोर्ट यायला उशीर झाला, तर त्या दोन दिवसांत मेलेल्या प्रत्येक कोंबडीचे पैसे गेले.

शिवाय शेड रिकामी राहते. निर्जंतुकीकरण, पुन्हा तपासणी, मग परवानगी, मग नवीन पिल्लं. ब्रॉयलरची एक बॅच चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होते. तीन महिने शेड बंद म्हणजे सरळ दोन बॅच बुडाल्या. त्या दोन बॅचचे पैसे भरपाईच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

बरेच शेतकरी कंपनीशी करार करून कोंबड्या वाढवतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि मेहनत. त्याला पैसे मिळतात किलोमागे वाढवणावळ म्हणून. कोंबड्या गेल्या की पिल्लांचं नुकसान कंपनीचं दिसतं, पण शेतकऱ्याची वाढवणावळ कुणी मोजत नाही.

जिथे आजारच नाही, तिथेही तोटा

बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा सापडला तोही महाराष्ट्रातच. फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. नवापूर हे पोल्ट्रीचं मोठं केंद्र, गावाचं अर्थकारणच त्यावर. तिथून सावरून लोकांनी पुन्हा धंदा उभा केला आणि २०२१ मध्ये आजार परत तिथे पोचला.

त्याच २०२१ च्या जानेवारीत ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला वंचक, म्हणजे पाणथळीत दिसणारे ते भुरकट बगळे, मेलेले सापडले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मेले होते जंगली पक्षी, एकही ब्रॉयलर नाही. पण 'ठाण्यात बर्ड फ्लू' एवढा मेसेज फिरायला वेळ लागत नाही. आणि तो वाचून माणूस बगळे खाणं थांबवत नाही, चिकन खाणं थांबवतो.

याहून भारी उदाहरण २०२० चं. फेब्रुवारी-मार्चमध्ये 'चिकन खाल्ल्याने कोरोना होतो' असा फॉरवर्ड देशभर फिरला. कोंबड्यांना काहीही झालेलं नव्हतं. आजार नाही, विषाणू नाही, फक्त मेसेज. तरी फार्मवरचा भाव उत्पादन खर्चाच्या खूप खाली कोसळला. तयार कोंबडी शेडमध्ये ठेवावी तर ती रोज खाते, विकावी तर कुणी घेत नाही. अनेकांनी मिळेल त्या भावात, काहींनी तर फुकट वाटून टाकल्या. आजाराचं आर्थिक नुकसान आजाराशिवायही होऊ शकतं, हे त्या दोन महिन्यांत पोल्ट्रीवाल्यांनी बघितलं. आणि अशा नुकसानीला साथरोगाच्या नियमात भरपाई नाही, कारण कोंबडी मारलीच नव्हती.

नीट शिजवलेल्या चिकनमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापलं की तो मरतो आणि आपल्याकडचा रस्सा त्याच्या बराच वर उकळतो. खरा धोका असतो तो आजारी पक्षी हाताळणाऱ्यांना.

लम्पी: मेलेल्या गायीचा हिशोब सोपा असतो

आता येऊ गायींकडे.

लम्पी हा देवीच्या कुळातला विषाणू. माणसाला होत नाही. पसरतो तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे. जनावराला ताप येतो, अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात, खाणं सुटतं. १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात तो पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात आला २०१९ मध्ये, ओडिशात. २०२० मध्ये गडचिरोलीत दिसला. पण मोठा दणका बसला २०२२ मध्ये. महाराष्ट्रात त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यातल्या चिनावलमधून नोंद झाली आणि मग जिल्ह्यामागून जिल्हे.

त्या वर्षी देशात दीड लाखांहून जास्त गोवंश दगावला. महाराष्ट्रात हा आकडा वीस हजारांच्या वर गेला. राज्य सरकारने दगावलेल्या दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये जाहीर केले.

चांगली संकरित गाय बाजारात साठ-सत्तर हजारांपासून लाखापर्यंत जाते. म्हणजे भरपाई आणि किंमत यातलं अंतर आपल्याला लगेच दिसतं. पण लम्पी झालेल्या बहुतेक गायी मरत नाहीत. साधारणपणे शंभरात एक ते पाच जनावरं दगावतात असं मानलं जातं. मग उरलेल्या पंचाण्णवांचं काय?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक गोठ्यात ते वेगळे निघतील. समजा, गाय दिवसाला १२ लिटर देते आणि डेअरीवर लिटरला ३० रुपये मिळतात. लम्पी झाल्यावर महिनाभर दूध निम्म्यावर आलं. सहा लिटर, तीस रुपये, तीस दिवस. गेले ५,४०० रुपये.

गाय बरी झाली. पण दूध पूर्वीवर काही येत नाही. उरलेल्या वेताचे पाच महिने ती रोज तीन लिटर कमी देते. हे झाले १३,५०० रुपये.

डॉक्टरची व्हिजिट, सलाईन, प्रतिजैविकं, जखमांवरची मलमं, धरा ३,०००. प्रतिजैविक चालू असताना आणि नंतर काही दिवस ते दूध विकायचं नसतं, तो तोटा वेगळाच, इथे धरलेलाही नाही.

आणि शेवटचा खर्च, जो वहीत कुणी लिहीत नाही. आजारात गाय माजावर वेळेत आली नाही. दोन माज चुकले. गायीचा माज साधारण २१ दिवसांनी येतो, म्हणजे ४२ दिवस गेले. पुढचं वेत तेवढं लांबलं. ते ४२ दिवस गाय दूध न देता खाणार. सरकी पेंड, कांडी, चारा मिळून दिवसाला दीडशे धरले तर ६,३०० रुपये.

बेरीज करा. २८,२०० रुपये.

म्हणजे गाय मेली असती तर सरकारकडून ३० हजार मिळाले असते. गाय वाचली, तर जवळपास तेवढेच घरातून गेले आणि भरपाई शून्य. गाभण गायीचा गर्भपात झाला तर हा हिशोब अजून वाढतो.

गाय वाचवणं चूक असं कुणी म्हणत नाहीये. कुठलाही शेतकरी ती वाचवायलाच धावतो आणि रात्र रात्र गोठ्यात बसतो. मुद्दा एवढाच की आपली मदतीची व्यवस्था मृत्यू मोजते. आजारपण मोजायला तिच्याकडे फूटपट्टीच नाही. विम्याचंही तेच. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याला हप्त्याचा फक्त १५ टक्के वाटा भरावा लागतो, बाकीचा केंद्र आणि राज्य भरतात. ही चांगली सोय आहे. पण पशुविमा मुळात जनावर दगावल्यावर पैसे देण्यासाठी असतो. दूध आटलं म्हणून क्लेम कुणी करत नाही.

बाजार बंद म्हणजे एटीएम बंद

लम्पीत सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्ण राज्य 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर केलं. २००९ च्या प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली. गुरांची वाहतूक, बाजार, जत्रा, शर्यती, सगळ्यावर बंदी आली. साथ रोखायची तर हे करावंच लागतं, यात वाद नाही.

पण शेतकऱ्यासाठी जनावर हे नुसतं दुधाचं यंत्र नसतं. ते बचत खातं असतं. मुलीचं लग्न, दवाखाना, कॉलेजची फी, पेरणीचं बियाणं, अशा वेळी एक गाय किंवा दोन शेळ्या बाजारात नेल्या की हातात रोख येते. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा यात्रेचा बैलबाजार ठाणे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. असा बाजार एक हंगाम भरला नाही की ज्याच्या गोठ्यात एकही जनावर आजारी नाही त्याचेही पैसे अडकतात. मग तो सावकाराकडे जातो आणि त्या व्याजाची नोंद लम्पीच्या खात्यात होत नाही.

तबेल्यांचं गणित अजून वेगळं. कल्याणच्या खाडीकाठी आजही म्हशींचे तबेले आहेत आणि दूधनाक्यावरचा भाव वाढला की त्याची बातमी होते. तबेलावाला म्हैस लहानाची मोठी करत नाही. तो ताजी व्यालेली म्हैस विकत आणतो, लाखाच्या पुढे पैसे मोजून, आणि दूध देईपर्यंत तिला सांभाळतो. जागेचं भाडं, विकतचा चारा, गड्यांचे पगार. शहरात काहीच फुकट नाही. त्याच्याकडे महिनाभर बसून खाणारं जनावर परवडतच नाही.

म्हशींना लम्पी कमी होतो, पण त्यांचे स्वतःचे शत्रू आहेत. पावसाळ्यात घटसर्प. सकाळी ताप, घशाला सूज, घरघर आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी म्हैस गेलेली. उपचाराला वेळच देत नाही. लस पावसाळ्याआधी द्यायची असते आणि ती म्हशीच्या किमतीच्या मानाने काहीच नसते.

दुसरा शत्रू एकदम उलट स्वभावाचा. कासदाह, ज्याला अनेक ठिकाणी दगडी म्हणतात. दाटीवाटीचे गोठे, ओली जमीन, धार काढणाऱ्याचे न धुतलेले हात, यातून जंतू सडात शिरतात. काही वेळा कास दगडासारखी होते, ते लगेच दिसतं. पण बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही. दूध दिसायला पांढरंच असतं, फक्त थोडं थोडं कमी होत जातं आणि डेअरीवर फॅट-एसएनएफ घसरल्याने भाव कापला जातो. दर दहा दिवसांच्या बिलात तो तोटा पसरलेला असतो. याची साथ येत नाही, याच्यासाठी मंत्री दौरा काढत नाहीत. पण २००९ च्या एका अभ्यासात कासदाहामुळे देशाचं वर्षाला सात हजार कोटींहून जास्त नुकसान होतं, असा अंदाज होता.

लाळ्या-खुरकूत आणि २० हजार कोटी

देशपातळीवर सगळ्यात महाग पडणारा आजार म्हणजे लाळ्या-खुरकूत. सरकारी निवेदनांमध्ये याचं थेट नुकसान वर्षाला साधारण २० हजार कोटी रुपये सांगितलं जातं. तोंडात आणि खुरात फोड येतात, लाळ गळते. मोठं जनावर सहसा मरत नाही, वासरं दगावतात. पण ऐन पेरणीत बैल लंगडला तर भाड्याने ट्रॅक्टर सांगावा लागतो. बरी झालेली काही जनावरं उन्हात नुसती धापा टाकत राहतात, ना दूध धड ना काम धड. वर परदेशात जास्त भाव देणारे बाजार या आजारामुळे भारतीय मांसाला दारात उभं करत नाहीत.

म्हणूनच २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन आजारांसाठी १३ हजार कोटींहून मोठा लसीकरण कार्यक्रम आणला. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी, मोफत. २० हजार कोटी दरवर्षी घालवण्यापेक्षा १३ हजार कोटी पाच वर्षांत खर्च करणं किती स्वस्त, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आजारमुक्त क्षेत्र करायच्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही आहे.

असं खरंच होऊ शकतं का? झालेलं आहे. बुळकांडी हा शब्द आज फक्त आजोबांच्या तोंडी ऐकू येतो. एकेकाळी ही साथ गावच्या गावं रिकामी करायची. गुरं गेली की नांगर थांबला, नांगर थांबला की पुढचं वर्ष उपाशी. अशाच गुरांच्या साथींचा अभ्यास करायला इंग्रजांनी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा उभारली. पुढे ती मुक्तेश्वरला हलली आणि तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. गावोगाव लसीकरण झालं, १९९५ नंतर भारतात बुळकांडीचं जनावर दिसलं नाही आणि २०११ मध्ये जगातूनच ती संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पूर्ण संपवलेला हा दुसराच आजार.

मग शेतकरी आजार लपवतो का?

हा प्रश्न अवघड आहे, पण टाळण्यात अर्थ नाही. काही वेळा लपवतो. कारण त्याच्या बाजूने हिशोब करून बघा. कळवलं तर शेड बंद, बाजार बंद, दूध घेणारा शेजारी बंद, भरपाई किमतीपेक्षा कमी आणि कधी हातात पडेल माहीत नाही. नाही कळवलं तर निदान उरलेलं जनावर विकता येतं. मग आजारी जनावर टेम्पोत चढतं आणि आजार पुढच्या तालुक्यात उतरतो. याला शेतकऱ्याचा बेजबाबदारपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण भरपाई लवकर आणि बाजारभावाच्या जवळपास मिळाली, तर पहिला फोन तोच करेल. उशिरा मिळालेले ३० हजार आणि आठवड्यात मिळालेले ३० हजार कागदावर सारखे असले, तरी साथ रोखण्यात त्यांची किंमत सारखी नसते.

२०२२ मध्ये लम्पीवर मोफत लसीकरण मोठ्या वेगाने झालं. वापरली गेली शेळ्यांच्या देवीवरची लस, कारण दोन्ही विषाणू एकमेकांचे चुलतभाऊ. त्याच काळात सोशल मीडियावर 'दूध पिऊ नका' सुरू झालं होतं आणि पशुसंवर्धन आयुक्तांना लम्पी माणसाला होत नाही, दूध सुरक्षित आहे, हे सांगावं लागलं. गायीचं दूध आधीच निम्मं झालेलं आणि उरलेलं निम्मंही गिऱ्हाईक घेईना, अशी वेळ त्या मेसेजने काही घरांवर आणली असती.

तुमच्या गावाकडे कुणाचा गोठा असेल, तर दोन गोष्टी आत्ता विचारता येतील. जनावराच्या कानात बारा आकड्यांचा बिल्ला आहे का? लसीची नोंद त्यावर होते आणि विमाही त्याशिवाय मिळत नाही. आणि घरातल्या कुणाच्या मोबाईलमध्ये १९६२ हा नंबर सेव्ह आहे का? तो पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा टोल फ्री नंबर आहे. फोन केला की डॉक्टरची गाडी गोठ्यापर्यंत येणं अपेक्षित आहे.